पंधरा दिवसांत काय बदलता येते?

टोकियोचे ऑलिंपिक सामने २४ ऑक्टोबर १९६४ रोजी संपले. धावपटू, जलतरणपटू, कुस्तीगीर आपापल्या देशी परतले आणि योयोगी येथल्या क्रीडाग्रामात पायऱ्यांवर रॅम्प बसवण्याचे काम सुरू झाले. पंधरा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, दुसरे सामने सुरू व्हायचे होते. त्यासाठी येणारे सुमारे पावणेचारशे खेळाडू २१ देशांतले होते आणि ते व्हीलचेअर वापरणारे होते.

हे सामने मुळात एका रुग्णालयाच्या आवारात जन्मले. डॉ. लुडविग गुटमान हे जर्मनीतून निर्वासित होऊन इंग्लंडमध्ये आलेले मज्जासंस्थेचे तज्ज्ञ. स्टोक मँडव्हिल रुग्णालयात ते मज्जारज्जूला दुखापत झालेल्या सैनिकांवर उपचार करीत. खेळ हा त्यांच्या उपचाराचाच भाग होता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक ज्या दिवशी सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. १९६० साली हे सामने रोमला गेले. तेथे खेळाडूंना उतरवले ते खांबांवर उभारलेल्या इमारतींमध्ये. खाली मोकळी जागा, वर राहण्याच्या खोल्या आणि मध्ये जिने! इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्चीसकट उचलून वर-खाली नेले.

रोमचे यजमान दुष्ट नव्हते. त्यांनी पाहुण्यांचे मनापासून स्वागत केले. त्यांनी फक्त जिना मोजला नव्हता. अशा सामन्यांची तयारी म्हणजे बव्हंशी मोजमाप असते, आणि ते मोजमाप आपल्या आठवी-नववीच्या पाठ्यपुस्तकापलीकडचे नाही. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे ठेवावासा वाटला.

उतरणीचे गणित

'उतरण' हे साधे यंत्र आपण फळ्यावर शिकवतो. वजन h उंचीवर न्यायला लागणारे कार्य तेवढेच राहते. उतरण लांब केली की बल कमी लागते. आता ठोकळ्याच्या जागी माणूस बसवू. समजा खेळाडू आणि खुर्ची मिळून वस्तुमान ८० किलो आहे, म्हणजे वजन सुमारे ७८० न्यूटन. कठीण, सपाट जमिनीवर चाकांना होणारा विरोध वजनाच्या साधारण एक टक्का धरला, तर खुर्ची चालती ठेवायला ८ न्यूटन पुरतात. हे अगदीच थोडे आहे. सपाटीवर व्हीलचेअर चालवणारा आपल्यापेक्षा सहज पुढे जातो तो यामुळेच.

आता १ : १२ चा रॅम्प घ्या, म्हणजे १२ मीटर आडवे गेल्यावर १ मीटर चढ. वजनाचा उतारावरचा घटक सुमारे ६५ न्यूटन होतो. त्यात ते ८ मिळवा : ७३ न्यूटन. सपाटीच्या नऊपट! १ : २० च्या रॅम्पवर हाच आकडा ४७ न्यूटनवर येतो. बहुतेक देशांच्या नियमांत १ : १२ ही चढाची कमाल मर्यादा मानतात, सोयीचा चढ १ : २० च्या आसपासचा. आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी दिसतो तो १ : ५ चा सिमेंटचा उतार? तेथे १६२ न्यूटन लागतात. म्हणजे जवळजवळ साडेसोळा किलोचे पोते दोरीने उचलून धरण्याइतके बल, तेही चाकाच्या कड्यावर हात सरकवत, प्रत्येक ढकलीच्या मध्ये खुर्ची मागे घसरू न देता. शिवाय चढ इतका असला की वजन मागच्या चाकांमागे जाऊ लागते आणि पुढची छोटी चाके उचलली जातात. असा रॅम्प नसलेलाच बरा, कारण तो असल्यामुळे कागदावर 'रॅम्प आहे' अशी नोंद होते.

हा प्रयोग वर्गाला द्यावा. गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्यायची (तिला पाणसळीसारखे वापरता येते), तिच्यात पाणी भरायचे आणि शाळेच्या जोत्याची उंची व रॅम्पची लांबी मोजायची. जोते ४५ सें.मी. असेल तर १ : १२ साठी ५.४ मीटर जागा हवी, १ : २० साठी ९ मीटर. बहुतेक वेळा मुलांच्या ध्यानात येते की जागा होती, पण रॅम्प आधी ठरवला नव्हता. उरलेल्या जागेत तो नंतर कोंबला. याच कारणाने क्रीडाग्राम बांधताना जोत्याची उंची हा पहिल्या नकाशावरचा निर्णय असतो. जोते नसलेच तर रॅम्पही लागत नाही.

क्रीडाग्रामात आणखी काय मोजतात? दारातून मिळणारी मोकळी रुंदी. ती किमान ८० सें.मी. तरी हवी. न्हाणीघराचा उंबरा, तो नकोच. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी, म्हणजे अंग सरकवून घेता येते. लिफ्टची बटणे बसल्या हाताला पोचतील अशी आणि बोटांना वाचता येतील अशी. यांतली कोणतीही वस्तू महाग नाही, आधी आठवली तर.

पंधरा दिवसांत न होणारे

टोकियोने १९६४ साली पंधरा दिवसांत रॅम्प बसवले आणि सामने उत्तम पार पडले. 'पॅरालिंपिक' हा शब्द रूढ झाला तोही त्याच सुमारास : पॅराप्लेजिया, म्हणजे कमरेखालचा लकवा, आणि ऑलिंपिक यांची ती सांगड होती. (आज अधिकृत अर्थ 'ऑलिंपिकच्या बरोबरीने' असा सांगतात, कारण अंध, हातपाय नसलेले आणि इतरही अनेक खेळाडू त्यात आले.) पण जपानी संघात ५३ खेळाडू होते आणि त्यांतले बहुतेक रुग्णालयांतून किंवा आरोग्यधामांतून आणलेले होते. परदेशी खेळाडू स्वतःच्या नोकऱ्यांविषयी, घरसंसाराविषयी बोलत होते. जपानी खेळाडू सामने संपल्यावर पुन्हा खाटेवर जाणार होते.

संघाची जबाबदारी असलेले डॉ. युताका नाकामुरा यांना हे फार लागले. ते १९६० साली स्टोक मँडव्हिल पाहून आले होते. १९६१ साली त्यांनी ओइता प्रांतात अपंगांचे क्रीडासामने भरवले, तेव्हा 'आजाऱ्यांचे प्रदर्शन मांडतो' अशी टीका त्यांना ऐकावी लागली होती. १९६४ च्या सामन्यांनंतर पुढच्याच वर्षी त्यांनी बेप्पू येथे 'ताइयो नो इए', म्हणजे 'सूर्याचे घर', ही संस्था काढली. दयेवर नव्हे तर कामावर जगता यावे म्हणून तेथे अपंगांना रोजगार देणारे कारखाने उभे राहिले. ओमरॉन, सोनी, होंडा यांसारख्या कंपन्या पुढे त्यात सामील झाल्या. १९८१ पासून ओइतात आंतरराष्ट्रीय व्हीलचेअर मॅरेथॉनही होऊ लागली. माझ्या मते १९६४ च्या सामन्यांचे खरे फळ पदकांच्या यादीत नाही, ते बेप्पूत आहे.

आणखी एक गोष्ट याच काळातली आणि आपल्या पायाखालची. मेट्रो स्थानकात पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरश्यांची ओळ तुम्ही पाहिली असेल. लांब उंचवटे म्हणजे 'असेच पुढे जा', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. पायाच्या तळव्याने वाचायची ही लिपी जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली शोधली आणि ती १९६७ साली ओकायामा शहरातल्या एका रस्त्यावर प्रथम बसली. पिवळा रंग अंधांसाठी नाही. ज्यांना अंधुक दिसते त्यांच्यासाठी आहे. अशी माणसे पूर्ण अंधांपेक्षा कितीतरी अधिक असतात. (आपल्या काही पदपथांवर ही ओळ थेट विजेच्या खांबावर जाऊन संपते. बसवणाऱ्याला ती नक्षी वाटली असावी.)

क्रीडाग्राम नंतर कोणाचे, हाही प्रश्न पंधरा दिवसांत सुटत नाही. १९७२ साली पॅरालिंपिकचे सामने ऑलिंपिकच्याच म्युनिकमध्ये होऊ शकले नाहीत, कारण तेथल्या क्रीडाग्रामाच्या सदनिका लगेच खाजगी मालकांसाठी तयार करायच्या होत्या. सामने हायडेलबर्गला हलवले गेले. तेथेच ५० मीटर मुक्तशैली पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. १९८८ च्या सोलपासून उन्हाळी पॅरालिंपिक ऑलिंपिकच्याच शहरात होऊ लागले. २००१ सालच्या कराराने पुढे ते यजमानपदाच्या अटीतच आले. आता एक घेणाऱ्याला दुसरे घ्यावेच लागते.

टोकियोला ही जबाबदारी पुन्हा मिळाली ती २०२० साठी, आणि महासाथीमुळे सामने झाले २४ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर २०२१ या काळात. या वेळी खेळाडू सुमारे ४४०० होते, खेळ २२. उन्हाळी पॅरालिंपिक दोनदा भरवणारे हे पहिले शहर. ऑलिंपिक संपल्यापासून मधले दिवस होते १६. पण या वेळी तयारी वर्षानुवर्षे आधी सुरू झाली होती. मोठ्या हॉटेलात अपंगांसाठी किमान एक खोली असा जुना नियम होता. सप्टेंबर २०१९ पासून ५० वा अधिक खोल्यांच्या नव्या हॉटेलांना एकूण खोल्यांच्या एक टक्का अशा खोल्या सक्तीच्या झाल्या. 'एक' आणि 'एक टक्का' यांतला फरक पाहा : ४०० खोल्यांच्या हॉटेलात एकाच्या जागी चार. शिंकान्सेन या वेगवान गाडीच्या नव्या डब्यांत व्हीलचेअरच्या जागा वाढवून सहा केल्या. एका गाडीत दोनच जागा असतील तर बास्केटबॉलचा बारा जणांचा संघ सहा गाड्यांनी जाणार का?

बसचे गणित असेच आहे. समजा एक खेळाडू बसमध्ये चढून खुर्ची पट्ट्यांनी बांधेपर्यंत तीन मिनिटे लागतात. बारा जणांना ३६ मिनिटे, उतरायला तेवढीच. चार संघ एकाच वेळी निघाले आणि चढायची जागा एकच असली, तर शेवटचा संघ बसायलाच सव्वादोन तासांहून अधिक वेळ होतो. म्हणून बसेस वाढवून भागत नाही, चढायच्या जागा वाढवाव्या लागतात. रांगेचे हे साधे तत्त्व शाळेच्या सहलीलाही लागू आहे.

घाम न येणारे शरीर

१९६४ चे दोन्ही सामने शरद ऋतूत झाले होते. २०२१ चे भर उन्हाळ्यात. टोकियोचा उन्हाळा दमट असतो, मुंबईकराला ओळखीचा वाटावा असा. उष्म्याच्या भीतीने ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेला साप्पोरोत नेली होती. पॅरालिंपिकची मॅरेथॉन मात्र टोकियोतच राहिली. सकाळी साडेसहाला सुरू केली एवढेच.

यात धोका कोठे, ते समजण्यासाठी घामाकडे पाहू. एक ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २.४ किलोजूल उष्मा घेऊन जातो. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. व्यायाम करताना शरीर थंड राखण्याचा आपला मुख्य मार्ग तो. पण घामाच्या ग्रंथींना आज्ञा जाते मज्जारज्जूतून. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू तुटला असेल, तर दुखापतीच्या खालच्या भागाला घाम येत नाही. त्वचेकडे जादा रक्त पाठवून उष्मा बाहेर टाकण्याची सोयही बिघडते. मानेत दुखापत असलेल्याचे जवळजवळ सारे शरीर असे कोरडे राहते.

मुलांकडून हा हिशेब करून घ्या. खेळताना शरीरात २०० वॉट उष्मा तयार होतो असे धरू. अर्ध्या तासात ३६० किलोजूल. ६० किलोच्या शरीराचा विशिष्ट उष्मा दर किलोला, दर अंशाला सुमारे ३.५ किलोजूल. उष्मा बाहेर पडलाच नाही, तर तापमान १.७ अंशांनी चढेल : ३७ वरून ३८.७. वारा, थंड भिंती यांमुळे थोडा उष्मा जातो, पण हवाच ३४-३५ अंशांची असेल तर तोही मार्ग जवळपास बंद.

व्हीलचेअर रग्बी खेळणारे बहुतेक असे खेळाडू असतात. मध्यंतरात त्यांच्या तोंडावर, मानेवर पाण्याचा फवारा मारतात तो हौसेने नव्हे. तो बाहेरून दिलेला घाम असतो. मात्र हवा दमट असेल तर हा घामही उडत नाही. म्हणून मैदानाची हवा थंड आणि कोरडी ठेवणे, सरावाच्या जागी सावली, बर्फ आणि पंखे पुरवणे ही येथे चैन नसून वैद्यकीय गरज असते. २०२१ ची रग्बी झाली ती योयोगीच्या बंदिस्त क्रीडागृहात. ही इमारत १९६४ च्या ऑलिंपिकसाठीच बांधलेली, हा एक योगायोग.

शांतता आणि आवाज

गोलबॉल हा अंधांसाठीच तयार झालेला खेळ. १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद मैदान, १.२५ किलोचा चेंडू आणि त्याच्या पोटात घुंगरू. सर्व खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी. मैदानाच्या रेषा चिकटपट्टीच्या असतात आणि पट्टीखाली दोरा असतो, म्हणजे हाताने चाचपून आपण कोठे आहोत ते कळते. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचे. पण प्रेक्षक गप्प बसले तरी वातानुकूलन यंत्र गप्प बसत नाही, आणि मोकळ्या भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी चेंडूची दिशा फसवतो. म्हणजे रग्बीच्या खेळाडूला जो गार वारा हवा, त्याचाच आवाज गोलबॉलच्या खेळाडूला नको. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण, हे अशा तयारीत पदोपदी भेटते. फुटपाथची कड पूर्ण सपाट केली की व्हीलचेअरला बरे, पण काठीने कड शोधणाऱ्या अंधाला रस्ता कोठे सुरू झाला ते कळत नाही. तेथे मियाकेंची ठिपक्यांची फरशी उपयोगी पडते.

आवाज नसणे किती महागात पडते, ते २६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या क्रीडाग्रामात दिसले. तेथे खेळाडूंची ने-आण करायला टोयोटा कंपनीच्या ई-पॅलेट नावाच्या स्वयंचलित विद्युत बसेस होत्या. वळणावर अशी एक बस, अगदी सावकाश जाणारी, रस्ता ओलांडणाऱ्या अंध जपानी ज्युदोपटूला धडकली. आत देखरेख करणारा माणूस होता. त्याने पादचाऱ्याला पाहिलेही होते, पण बस येत आहे हे त्याला कळले असेल आणि तो थांबेल असे त्याने धरले. दुखापत मोठी नव्हती. तरी दोन दिवसांनी होणारी लढत त्या खेळाडूला सोडावी लागली. कित्येक वर्षांची मेहनत एका गृहीतकात गेली. बसेस काही दिवस थांबवल्या. पुन्हा सुरू केल्या तेव्हा इशाऱ्याचा आवाज वाढवला होता आणि वळणांवर माणसे उभी केली होती. जगातले अत्याधुनिक वाहन, आणि दुरुस्ती म्हणून लागली ती घंटा आणि रस्त्यावरचा माणूस.

खेळाडूंच्या वर्गीकरणाविषयी थोडेच सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कुस्तीत वजनाचे गट असतात तसे येथे शरीराच्या हालचालीवरून गट ठरवतात. तज्ज्ञ प्रत्येक खेळाडूची ताकद, हालचाल, दृष्टी तपासतात, आणि काहींची तपासणी सामन्यांच्या तोंडावर होते. टोकियोत भारताच्या एका थाळीफेकपटूने कांस्यपदक जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी तो त्या गटात बसत नसल्याचे ठरून ते काढून घेतले गेले. निर्णय नियमाला धरून असेल, पण अशा तपासण्या सामन्यांच्या बऱ्याच आधी पुऱ्या व्हाव्यात असे मला वाटते. यजमानाने नुसती खोली आणि टेबल देऊन हे काम होत नाही.

प्रेक्षकांचेही मोजमाप असते. व्हीलचेअरवर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सें.मी. वर असतात. पुढच्या ओळीतला माणूस आनंदाने उभा राहिला की त्याचे डोके १७५ सें.मी. वर. नेमका गोल होतो तेव्हाच खुर्चीवरच्याला पुढच्याची पाठ दिसते! म्हणून त्याचा ओटा पुढच्या ओळीपेक्षा निदान ६० सें.मी. उंच हवा, आणि दृष्टिरेषा खाली मैदानाकडे जाते हे धरले तर आणखी थोडा अधिक. टोकियोच्या नव्या राष्ट्रीय मैदानात अपंगांच्या संघटनांना आराखड्याच्या काळातच बोलावून अशा गोष्टी ठरवल्या. नंतर महासाथीने प्रेक्षकच येऊ दिले नाहीत. काही सत्रांना शाळांतली मुले तेवढी आणली गेली.

आता हे काम आपल्या दारात येत आहे. २०३० च्या राष्ट्रकुल सामन्यांचे यजमानपद नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला मिळाले. या सामन्यांत अपंग खेळाडूंच्या स्पर्धा वेगळ्या नसतात, त्याच कार्यक्रमात असतात. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने इच्छा नोंदवली आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्यामागून पॅरालिंपिक येतेच. आपले खेळाडू तयार आहेत : २०२४ साली पॅरिसमध्ये त्यांनी २९ पदके आणली, त्यांत सांगली जिल्ह्यातल्याच सचिन खिलारींचे गोळाफेकीतले रौप्य होते. पॅरिसचे क्रीडाग्राम नवे आणि सोयीचे होते. पण शंभर वर्षांहून जुन्या मेट्रोतला १४ क्रमांकाचा मार्गच काय तो व्हीलचेअरला संपूर्ण खुला होता, आणि बाकीच्यांना बस आणि ट्राम धरावी लागली. मैदाने पाच वर्षांत उभी राहतात. स्थानकाचा फलाट आणि गाडीचा डबा यांतले अंतर, बसथांब्याची उंची, थांब्यापासून मैदानापर्यंतचा पदपथ, त्यावरचे खांब आणि उघडी गटारे यांची यादी करायला मात्र एखाद्याने व्हीलचेअरवर बसून आणि दुसऱ्याने पांढरी काठी घेऊन तो सारा रस्ता आधी पुरा करावा लागतो.